दूध संस्थेतली मऊ नळी

संयोगिता गडमुडशिंगीची. कोल्हापुरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत खाण्यापिण्याचे जिन्नस आणि सलाईनच्या नळ्या ती तपासायची. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं रसायन त्यातून बाहेर उतरतंय का, ते बघायचं. गावच्या दूध संस्थेचा नमुना आला आणि आकडा बघून तिचं डोकंच फिरलं. संस्थेनं टाकीची स्टीलची नळी काढून बागेला पाणी घालायची मऊ नळी बसवली होती. दुधातल्या फॅटमध्ये ते रसायन लगेच उतरतं. चेअरमन हंबीरराव तिचे सख्खे चुलते. कामावरून ती तडक त्यांच्या सोप्यात गेली.

"आबा, ती नळी आजच काढा."

"का? दूध फाटलंय व्हय? वास मारतंय?"

"वास येत न्हाय म्हणूनच तपासावं लागतंय! तान्ही पोरं पित्यात ते."

"संस्थेचा बोभाटा करू नगंस."

त्याच आठवड्यात संस्थेचा दुसरा नमुना आला. त्याचा अहवाल स्वच्छ निघाला आणि संस्थेच्या फळ्यावर लागला. आबा हसत म्हणाले, "ह्या खेपेला नळीतनं न्हाय, गोठ्यातनं पितळी चरवीतच दूध आणलं. तुझ्या मशीनला आवडलं की!"

संयोगिताच्या अंगाची लाही झाली. तिनं प्रयोगशाळेच्या साहेबांना गाठलं. ते म्हणाले, "गिऱ्हाईक देईल तो नमुना तपासायचा. कुठला, ते विचारायचं नाही."

सकाळी दूध घालायला गर्दी झाली असताना ती संस्थेत शिरली आणि विळ्यानं नळीचे दोन तुकडे केले. एकच गलका उठला.

"घरातलीच वैरीण निघाली!" आबा ओरडले.

"वैरीण मी? नळी मी बसवली व्हती?"

"पोरी, झालंय काय ते तरी सांग," शेजारची बायडाबाई म्हणाली. संयोगितानं तिथंच, मोठ्यानं, चरवीसकट सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बायडाबाईचा चेहरा लाल झाला. "माझा नातू ह्येच दूध पितोय, हंबीरराव!" तिनं दूध न घालताच आपली किटली उचलली. मागोमाग बाकीच्यांनीही उचलल्या. दुपारच्या आत स्टीलची नळी परत बसली.

आबांनी प्रयोगशाळेत तक्रार केली. साहेबांनी संयोगिताला तपासणीवरून काढून बिलं करायला बसवलं. तिनं अंगातला पांढरा कोट काढून त्यांच्या टेबलावर आपटला. "चरवीतलं दूध तुम्हीच तपासा."

आता ती सांगलीतल्या प्रयोगशाळेत जाते. एसटीत रोज हाल होतात. आबांकडच्या लग्नाचं आमंत्रण तिला आलं नाही. आई म्हणाली, "जरा नमतं घे." संयोगितानं ताटावरून न उठता उत्तर दिलं, "कशापायी?"