नवं सील, तरी तेल

"मिस्तरी, एवढंच सांगा. यानं गाडी गोट्यावर घातली का नाई?"

बाळूभाऊ गॅरेजातल्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून विचारत होते. मी खड्ड्यात, जीपच्या पोटाखाली. बॅटरी दातात धरलेली, म्हणून उत्तर दिलं नाही. दातात बॅटरी नसती तरी दिलं नसतं. गाडी पुसल्याशिवाय मी निकाल देत नाही. रिसोडात सगळ्यांना हे माहीत आहे, काहींना त्याचा रागही आहे.

बाळूभाऊंची भाजीपाल्याची बागायत नाल्यापलीकडे आहे. काळ्या रानात पावसाळ्यात साधी गाडी फसते, म्हणून त्यांनी फोर व्हील ड्राइव्ह जीप ठेवलेली, म्हणजे चारही चाकांना जोर जाणारी. तशा गाडीत पुढच्या दोन चाकांच्या मधेही एक लोखंडी गोळा असतो, आत दातेरी चक्रं आणि घट्ट तेल. त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणं हे त्याचं काम. तिथून तेल गळत होतं. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं तोंडावरचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदललं. पुन्हा गळलं. पुन्हा बदललं. तरी गळतच.

बाळूभाऊंनी मग आपला निकाल लावून टाकला. ड्रायव्हर शेषरावनं गाडी आदळली, गोळ्याला चीर पडली.

शेषराव मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. बागायतीतल्याच खोलीत बायको आणि दोन पोरींना घेऊन राहतो. नोकरी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की दिवाळीनंतर पुन्हा कोयता घेऊन ऊसतोडीला. पोरींची शाळाही तिथंच संपणार. तो टायरजवळ उकिडवा बसून खाली बघत होता.

"मी नाई आदळली, काका," एवढंच तो मला म्हणाला.

"मंग तेल काय आपोआप पाझरून राह्यलं?" बाळूभाऊ तडकले. "मिस्तरी, चीर निघाली तं हा उद्यापासून माह्या कामावर नाई."

मी बॅटरी काढली. "चीर निघाली तं सांगतो. आदी चहा सांगा."

खाली बघण्यासारखं काही नव्हतं, कारण सगळंच ओलं होतं. आमच्याकडे पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फवारतात, गंज चढू नये म्हणून. ते महिनोन्‌महिने चिकटून राहतं, त्यावर धूळ बसते. त्यात कोणतं तेल कुठलं हे देवालाही कळणार नाही. म्हणून मी बोटावर घेऊन वास घेतला. इंजिनाचं तेल काळं, त्याला जळकट वास. स्टेअरिंगचं पातळ, बहुतेक लाल. डिफरन्शियलच्या तेलाला मात्र सडक्या अंड्यासारखी घाण येते. ती आली. म्हणजे गळती खरी होती.

मग डिझेल आणि चिंध्या घेऊन गोळ्याचं तोंड आणि बूड पुसून काढलं. चीर नव्हती. गोट्याचा ओरखडाही नव्हता. बाळूभाऊंना खाली बोलावून बोट फिरवायला लावलं.

"बारीक असन," ते म्हणाले.

"बारीक असन तं तेलच सांगन."

सुकल्यावर मी पांढरी रांगोळी बारीक कापडातून गोळ्यावर सगळीकडे उडवली. बाळूभाऊ हसले, "गाडीची पूजा करता का?" पण यात गंमत काही नाही. तेल जिथून पहिल्यांदा निघतं तिथं रांगोळी आधी भिजते. वाऱ्यानं उडालेलं तेल मागून येतं.

गाडी मी स्वतः मालेगाव रोडनं पळवून आणली. दोघांना गॅरेजवरच बसवलं. मी आलो तेव्हा एक या टोकाला, एक त्या टोकाला होता.

रांगोळी भिजली होती ती सीलच्या कडेलाच, सगळीकडून सारखी. बाकी कोरडी. आता नवं सील, बसवलंय नीट, तरी तेल बाहेर. म्हणजे सील वाईट नाही, त्याला आतून कोणी तरी ढकलतंय. गोळ्याला तेल भरायचा एक बोल्ट असतो. तो मी हळूहळू ढिला केला. फुस्स करून हवा निघाली.

वर दोघंही दचकले. "काय झालं?"

"श्वास कोंडला होता," मी म्हणालो.

चालताना तेल तापतं, हवा फुगते. ती बाहेर जावी म्हणून गोळ्याच्या डोक्यावर टोपणाची छोटी वाट ठेवलेली असते. खालून ती दिसत नाही. मी हात वर घालून चाचपलं. टोपणावर काही तरी गुंडाळलेलं लागलं. चिखल खरवडला, तार कापली. हातात आला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. नीट दुहेरी दुमडून, तांब्याच्या तारेनं आवळलेला.

कंपनी असं करत नाही. कोणी केलं ते मला शेषरावच्या चेहऱ्याकडे न बघताच कळलं.

तुकडा माझ्या मुठीत होता. खिशात टाकला असता तर कोणाला समजलं नसतं. चीर नाही, आदळली नाही, सुटला शेषराव. पण मग पुढच्या पावसाळ्यात त्यानं पुन्हा ट्यूब बांधली असती. मी मूठ उघडून तुकडा काठावर ठेवला.

"हे कोनं बांधलं?"

शेषराव उभा राहिला. "म्या."

"कायले, बे?" बाळूभाऊ ओरडले.

"भाऊ, मागच्या सालं नाल्याले पूर होता. मी म्हणलं थांबू. तुमी म्हणलं टाक. मंग आत पानी घुसलं, तेल चहावानी झालं. तुमी म्हणलं, पुन्ना पानी घुसलं तं तांड्यावर पाठवतो. म्हणून बांधली. त्या वाटेनं पानी नोको जाले."

बाळूभाऊंनी कप उचलला. चहा निवून गेला होता, तोच त्यांनी एका घोटात संपवला.

"चूक याचीच हाये," मी म्हणालो. "आदळल्याची नाई, बांधल्याची. पन भेव कोनाचं होतं ते तुमी पाहा."

"ते राहू द्या. आता पानी घुसलं तं?"

बाळूभाऊंचा हा प्रश्न कामाचा होता. टोपण काढून तिथं रबरी नळी जोडली, ती वर इंजिनाजवळच्या गाडीच्या बॅटरीच्या उंचीपर्यंत नेली आणि टोक खाली वाकवून ठेवलं. हवा जाते, नाल्याचं पाणी तितकं चढत नाही. पुन्हा पुसलं, पुन्हा रांगोळी, पुन्हा चक्कर. रांगोळी कोरडी राहिली. शेषरावला जवळ बोलावून नळीचं टोक दाखवलं. त्यानं अंगठा लावून पाहिला आणि वाट बंद होते म्हणून चटका बसल्यासारखा काढून घेतला.

माफी वगैरे कोणी मागितली नाही. बाळूभाऊ चावी त्याच्याकडे फेकत म्हणाले, "चाल, वांगे तोडून पडले हायेत." आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. शेषराव अजून तीच जीप चालवतो. पूर आला की आता बाळूभाऊही काठावर थांबतात, असं तोच सांगतो. मी पाहिलेलं नाही.

नव्या सीलमधूनही तेल येत असेल तर तिसरं सील आणू नका. आधी हवेची वाट मोकळी आहे का बघा. आणि बंद सापडली, तर ती बांधणाऱ्याला झापण्याआधी कायले बांधली ते विचारा.