नवव्या मजल्याचा कॉल

"साहेब, आमी डोळ्यांनी बघितलं. रोज सकाळी अकराला लिफ्ट एकटीच नवव्याला जाते, परत खाली येते. दार उघडतं. आत कोणी नाय. मग रिकामीच बंद होते," वॉचमन पाटीलकाका म्हणाले. लिफ्टमध्ये लिंबू-मिरची टांगून झाली होती.

पनवेलमधल्या त्या बिल्डिंगच्या लिफ्टचा मेंटेनन्स माझ्याकडे होता. माझ्या माणसाने दोनदा कार्ड, म्हणजे लिफ्टचा मेंदू, बदललं होतं. सेक्रेटरी वैतागले होते. "नवव्याचं बटणच बंद करा. तिथे एकच कुटुंब राहतं. जिन्याने आठव्यावर येतील."

"आधी बघतो," म्हटलं.

कॉल कुठून आला, म्हणजे कुठलं बटण दाबलं, ते लिफ्टच्या कंट्रोलरमध्ये नोंदलेलं असतं. रोज अकरा पाच, नववा मजला, बाहेरचं बटण. म्हणजे कुणाचं तरी बोट होतं. दुसऱ्या दिवशी मी लिफ्टमध्येच उभा राहिलो.

नवव्यावर दार उघडलं. पॅसेज अंधारा. जिन्याच्या दारापाशी एक बाई उभी. ऑफिसचे कपडे, खांद्याला पर्स. नजर माझ्यावर, पण मी तिला दिसत नव्हतो. दार मिटू लागलं तरी ती हलली नाही. मी हात घालून दार अडवलं.

"ताई, यायचंय ना?"

"यायचं असतं. पाय उचलत नाही."

अगदी सपाट आवाजात ती सांगत गेली. पहाटे चारला जाग येते. घास उतरत नाही. अंग ठणकतं. रडूही येत नाही. "मिस्टर म्हणतात, कंटाळा करतेस. खाली जाता आलं नाही, की वर जावंसं वाटतं."

वर फक्त टेरेस होती.

माझ्या बहिणीला आम्ही वर्षभर आळशी म्हणत होतो. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं तेव्हा मान वर करता आली नाही. तिचंही सगळं हेच होतं.

मी तिथून हललो नाही. फोनवरून पाटीलकाकांना टेरेसला कुलूप घालायला सांगितलं. ताईंकडून नंबर घेऊन मिस्टरांना फोन लावला.

"अहो, तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत!"

"लिफ्टचेही नॉर्मलच आहेत. तुम्ही आत्ता या."

ते आले. दुपारीच तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. सेक्रेटरींनी विचारलं, "बटण बंद केलंत ना?" मी नाही म्हणालो.

तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगला गेलो. अकरा पाचला लिफ्ट रिकामीच वर गेली. मी खाली आकडे बघत राहिलो. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आत ताई होत्या. ओळखीचं हसल्या आणि ऑफिसला गेल्या.

आम्ही दोन कार्डं उगाच बदलली. बटण कोण दाबतंय, हे बघायला तेवढं कोणी वर गेलं नव्हतं.