पोत्याखालचा पत्रा

नाव जर्मनची होती. अल्युमिनियमला आमच्याकडे जर्मनच म्हणतात. दुसऱ्यानं वापरलेली नाव आम्ही नवरा-बायकोनं घेतली, कारण लाकडी डोंग्याला दरवर्षी डांबर फासून जीव विटला होता. जर्मन गंजत नाही, असं विकणारा म्हणाला. मी विचारलं नाही की मग त्याला होतं काय.

पत्रा उन्हानं तापतो, म्हणून बायको मागच्या बाजूला पोतं घडी करून त्यावर बसायची. मी जाळं ओढायचो, ती आत आलेलं पाणी डब्यानं उपसायची. मागच्या थंडीत ती तापानं गेली. चार दिवसांत. पोतं मी तिथंच राहू दिलं. तिच्या बसण्याचा खळगा त्यात होता. कोणी उचलायला गेलं की मी खेकसायचो.

आता नाव मुलगा चालवतो आणि त्या पोत्यावर सून बसते. ती पुलगावकडची, कापूसवाल्या शेतकऱ्याची लेक. तिला पोहता येत नाही. लग्न जमवतानाच हे मला माहीत होतं. तेव्हा बायको होती नावेत, सुनेला पाण्यात जावं लागेल असं कुणाच्या मनात नव्हतं.

यंदा नाव जड वाटायला लागली. मी काठावर बसून बघायचो. आधी तिची कड पाण्याच्या हातभर वर असायची, मग वीतभर राहिली. माझी नजर तिथून हलेना.

एक दिवस सून म्हणाली, "मामाजी, उपसून उपसून हात दुखून राह्यले. पाणी येते कुठून?"

"पावसाचं असन."

"आज पाऊस कुठं होता?"

दोघं जेवायला घरी गेल्यावर मी नावेत उतरलो आणि पोतं उचललं.

ते कधी वाळलंच नव्हतं. खाली चिखल, खवले आणि चुन्यासारखी पांढरी भुकटी. अंगठ्यानं पुसलं तर पत्र्याला देवीच्या वणासारखे खड्डे. खिळा टेकवला, तो आरपार गेला. तीन ठिकाणी गेला. बाकीचा पत्रा रोज उन्हात वाळायचा, तो धडधाकट होता. मी जिथं कुणाला हात लावू दिला नाही, तेवढीच जागा सडली होती.

मुलगा आला. मागून सून.

"बाबा, काऊन उकरून राह्यले? जाळं पाण्यात हाय. मच्छी सडन."

"भोकं पडली. पाहा."

त्यानं वाकून पाहिलं. "चिंधी कोंबतो, वरून डांबर लावतो. एक फेरी तर होते."

"तू जाय. सूनबाई नाई जात."

"मंग पाणी कोण काढन?"

"मी काढतो."

"तुमच्या गुडघ्यानं? एकदा बसले का उठवाले दोन माणसं लागते." सून पदराआड हसली. मुलगा चिंधी शोधायला लागला.

मी खिळा भोकात तिरपा धरला आणि दगडानं ठोकला. पत्रा मूठभर फाटला.

"झालं समाधान?" मुलगा म्हणाला. जाळं त्यानं शेजाऱ्याच्या डोंग्यातून काढून आणलं.

नाव आता वर्ध्याला वेल्डिंगवाल्याकडे आहे. सडलेला भाग कापून नवा पत्रा बसवतो म्हणाला. ती परत आली की सून पुन्हा मागं बसणार. दुसरं माणूस घरात नाही. म्हणून मी म्हटलं, तोवर पोहणं शिक. गावातच वेगळी राहणारी माझी विधवा बहीण रोज सकाळी तिला उथळ पाण्यात नेते, पोटाला रिकामा डबा बांधते.

सुनेला ओल्या लुगड्यात सासऱ्यानं पाहू नये. मी काठावर पाठ करून बसतो. पाय मारल्याचा आवाज येतो तोवर बरं असतं. काल तो एकदम थांबला. मान वळवता येईना.

"बाई, पोरगी वर हाय ना?"

"हाय. दम घेऊन राह्यली. तू तिकडंच तोंड ठेव."

नंतर सून चहा घेऊन आली. केस ओलेच होते. म्हणाली, "मामाजी, आज डबा सोडून तीन हात गेले मी."

वेल्डिंगवाल्याचा काल सकाळीच निरोप आला होता, नाव परवा घेऊन जा म्हणून. तो मी अजून कोणाला सांगितलेला नाही.