लांब पट्ट्याचा पंप

तक्रार होऊन परत आलेल्या सातही पंपांचे पट्टे एकाच जागी तुटले होते. मी ते टेबलावर ओळीनं मांडले. आमच्या साहेबांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "रफिकभाईंची ऑर्डर बंद करा. दुसरा व्हेंडर बघा."

नगरच्या एमआयडीसीत आम्ही पाठीवरचे फवारणी पंप बनवायचो. क्वालिटी तपासायचं काम माझ्याकडे होतं. पट्टे रफिकभाई शिवायचे. चार मशिनं, घरातलीच माणसं आणि काम फक्त आमचं. ऑर्डर गेली तर त्यांचं घरच बसणार होतं. मी दोन दिवस मागून घेतले. साहेबांनी ते नाखुशीनंच दिले.

पट्टे वजन टांगून तपासले. माल चोख होता. मात्र प्रत्येक तुटलेल्या टोकाशी पीळ पडल्याची खूण होती, आणि सातही पंप डोंगरातल्या राजूरच्या एकाच दुकानातून आले होते. बाजाराच्या दिवशी तिथं गेलो. दुकानदारानं बरेच आढेवेढे घेतले. मग कबूल केलं, की लोक पट्ट्याला गाठ मारतात. गाठ दिसली तर कंपनी वॉरंटी नाकारते, म्हणून परत पाठवताना तो ती सोडायचा. मला हसावं की चिडावं कळेना.

औषध घ्यायला आलेल्या एका बाईंना मी विचारलं, गाठ कशाला मारता?

"पट्टा लई लांब हाय. बकल पार वर सरकवलं तरी पंप कमरंखाली आपटतो. भरला पंप घेऊन चढावर चालायचं कसं?"

"फवारणी तुम्हीच करता?"

"मंग कोन करनार? कारभारी कामाला डोंगर उतरून खाली गेल्यात. आमच्याकडं समद्या बायाच मारत्यात फवारा."

पट्ट्याचं माप पुरुषांचं होतं, आणि बायांनी मारलेल्या गाठीवर सगळं वजन येऊन तो तिथंच तुटत होता.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. ऑर्डरप्रमाणे माल बनवायचा असेल तर ग्राहक स्वतः ड्रॉइंग देतो. पंपासारखा तयार माल घेणारा काहीच देत नाही. म्हणून तो कोण, कुठं आणि कसा वापरणार, हे कंपनीनं शोधून लिहून ठेवायचं असतं. आयएसओच्या ऑडिटसाठी आमच्याकडे तसा फॉर्म होता. 'ग्राहकाच्या गरजा' या रकान्यात दरवर्षी एकच शब्द असायचा, 'कॅटलॉगप्रमाणे'. खाली सही माझी.

तो फॉर्म मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी सही वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग व्हेंडर नको बदलायला." दुसरं काय बदलायला हवं, ते त्यांनी मोठेपणानं सांगितलं नाही.

खांद्यावरची गादी आखूड केली की बकल आणखी वर सरकतं. तेवढंच काम होतं. नवं ड्रॉइंग घेऊन मी स्वतः रफिकभाईंकडे गेलो. त्यांनी ते पाहिलं आणि मशिनवर बसलेल्या बायकोकडे हात केला.

"साहेब, हर पट्टा ही घालून बघते. पहिल्या दिवसापासून म्हणते, लांब हाय. पण ड्रॉइंग तुमचं."

मला भयंकर लाज वाटली. दोन दिवस मागून मी राजूर गाठलं होतं, आणि उत्तर फॅक्टरीपासून दहा मिनिटांवर शिवत बसलं होतं. त्या रकान्यात आता मी 'कॅटलॉगप्रमाणे' लिहीत नाही. आधी रफिकभाईंच्या घरी जाऊन येतो.