अर्धी लादी

"घाई कायले? मेलेले कुठं पळून राह्यले?"

यवतमाळच्या आमच्या ख्रिस्ती कब्रस्तानाचे राखणदार बाबा हे दिवसातून दहा वेळा म्हणायचे. तेही फाटकाजवळच्या नळाखाली, काळ्या लादीवर बनियन आपटत. मी चालता चालता मोबाईलवर टाईप करणारी पोरगी. माझं काय होत असेल, तुम्हीच सांगा!

आणि मला घाई होतीच. समितीनं नोटीस लावली होती: महिनाभरात वारस आला नाही, तर जुन्या कबरीची जागा दुसऱ्याला. पणजोबांच्या दगडावर 'सोनोने', शेजारच्या पणजीच्या दगडावर 'सोनवणे'. आम्ही सोनोने. सेक्रेटरी म्हणाले, "सोनवणे वेगळं घर. ती कबर तुमची नाही." झालं! आत्याचं तोंडच उतरलं. तिची आई लहानपणी गेली, तिला वाढवलं ते ह्याच आजीनं, म्हणजे माझ्या पणजीनं.

मी कब्रस्तानाच्या जुन्या वह्यांचे चाळीस फोटो काढले, दाखले जमवले, घराण्याचा रंगीत तक्ता बनवला. बाबांनी तो उलटा धरून पाहिला.

"अक्षरं कायले पाहून राह्यली, पोरी? कोरणारे बदलते. कडा पाह्य."

पाहिल्या. पणजोबांच्या दगडाची उजवी कड आणि पणजीच्या दगडाची डावी, दोन्ही ओबडधोबड, फोडल्यासारख्या. बाकी कडा सरळ घासलेल्या. मग बाबांनी सांगितलं. पूर्वी नवरा-बायकोतलं एक गेलं की लांब लादी आणायची आणि मधून फोडायची. एक तुकडा कबरीवर, दुसरा मागं राहिलेल्यासाठी घरी.

"घरी ठेवून काय करायचे?"

"कपडे धुवाचे. दगडच तं हाय." आणि त्यांनी चिंचेखालच्या आपल्या बायकोच्या कबरीकडे नुसती मान वळवली.

रविवारी प्रार्थना सुटल्या सुटल्या मी समितीला ओढत आणलं. बाबांनी पहार लावून पणजीचा दगड मोकळा केला. "साहेब, पाहू नोका, हात लावा!" सेक्रेटरींचा इस्त्रीचा शर्ट मातीनं भरला. सरकवत सरकवत दगड पणजोबांच्या दगडाला भिडवला, आणि बसला! टोक खळग्यात, खाच खाचेत, नख जाईल एवढीही फट नाही. मी किंचाळले. कब्रस्तानात!

आत्या मात्र पहारीवर टेकलेल्या पणजीच्या दगडाखाली हात घालून त्याच्या पाठीवरून फिरवत होती. मातीकडची ती बाजू झिजून गुळगुळीत झालेली.

"याच्यावर उभं करून मले आंघोळ घाले वं आजी," ती म्हणाली. "आजी गेली अन् हा दगडही दिसेना. मी लय शोधला होता."

सेक्रेटरींनी चष्मा पुसला, वही उघडली आणि दोन्ही कबरी एका घरच्या म्हणून लिहिल्या. वारस, आत्या.

"लवकर सही करा ना," मी म्हटलं.

"घाई कायले?" आत्या म्हणाली, आणि बाबा पहिल्यांदाच खदाखदा हसले.

गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले. पोरबाळ नव्हतं. समिती नवा दगड आणायला निघाली, तर मी आडवीच आले. नळाखालची लादी उचलायला लावली. एक कड फोडलेली होतीच. चिंचेखाली नेताना सेक्रेटरींनी न सांगता एक टोक धरलं.

बायकोच्या दगडाला भिडवली. बसली.

लादीच्या खाचांत साबण अजून पांढरा दिसत होता. आम्ही तो धुतला नाही.