चुलाणात गेलेल्या तुरकाट्या

कराडजवळ रस्त्याकडेच्या उसाच्या फडात कोणीतरी पाचट पेटवलं होतं. गाडीच्या काचा वर केल्या तरी धूर आत आलाच. त्या वासाने आमच्या गुऱ्हाळावरची एक सकाळ आठवली.

आदल्या संध्याकाळी अवकाळी पाऊस झाला होता. रस काढून उरलेली उसाची चिपाडं जळणासाठी अंगणात वाळत पडली होती आणि वडिलांनी ती झाकली नव्हती. सकाळी रस उकळायची मोठी काहील भरली, पण तिच्याखालच्या चुलाणातून नुसता धूर येत होता. रस वेळेत तापला नसता, तर आंबून वाया गेला असता.

शाळेत विज्ञान शिकवणारे काका म्हणाले, "दादा, चिपाडात उन्हाचीच शक्ती असते. पानांनी वर्षभर ऊन साठवलं, तेच आपण जाळतो."

गूळ करणारा बापू वैतागला. "व्हय मास्तर, पर आता ती वाळवाय दुसरं ऊन आना की!"

आईने पावसाळ्यातल्या जळणासाठी पडवीत तुरकाट्या, म्हणजे तुरीची वाळकी झाडं, रचून ठेवल्या होत्या. तिने त्यांचे भारे चुलाणापाशी आणून टाकले. "आवं, बगत काय बसलाय? घाला!"

जाळ धरला आणि गूळ पिवळाधमक उतरला. तेव्हा मी फक्त तो गूळ पाहिला. वडील येईल त्याला सांगत होते, "आमच्या बापूचा हात लय चांगला."

त्या पावसाळ्यात आई ओली लाकडं फुंकत भाकरी करायची. ताटावर बसलेले वडील डोळे चोळत विचारायचे, "आज एवढा धूर कशापायी गं?"