हातचा एक

झाशीत मराठी भाषेचं भवितव्य सुरक्षित आहे. आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेत हे वाक्य दरवर्षी उच्चारलं जातं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांची नातवंडं मागच्या रांगेत एकमेकांना विचारत असतात, “कब खत्म होगा?” तरीही ते वाक्य अगदीच खोटं नाही. हे भवितव्य दतिया गेटाजवळच्या एका सरकारी शाळेतल्या बाईंच्या डाव्या मुठीत होतं.

आयुष्यभर दुसऱ्या भाषेत वावरलेली माणसं बेरीज मात्र घरच्या भाषेत करतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. बाईंनी सगळी नोकरी हिंदीतून शिकवण्यात घालवली. हातच्याला हिंदीत ‘हासिल’ म्हणतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण खडू फळ्याला टेकला की तोंडून निघायचं, “सात और पाँच बारह, दो लिखो, हातचा एक.”

मुलांनी आपल्यापुरता अर्थ लावला. हातचा, म्हणजे हातात धरायचा. सगळ्या वर्गाने डाव्या मुठी आवळल्या. बाई चूक दुरुस्त करणार होत्या, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचा हातचा रोज हरवायचा त्यांचा आता हरवत नाही. मग त्याही मूठ आवळायला लागल्या.

मी रेल्वेतून निवृत्त झालो तेव्हा बाईंनी मला दर मंगळवारी मुलांचं वाचन ऐकायला बसवलं. “भाऊ, तुम्ही फक्त ऐका. सुधारू नका. सुधारायला अख्खं खातं आहे.” मूल एखाद्या शब्दाशी अडलं की त्यांचं एकच सांगणं असे, “पहले पढ़ लो, डरना बाद में.”

तिसरीतली पिंकी मात्र आधी घाबरून घ्यायची. एके सकाळी तिची आई तिला ओढतच घेऊन आली. “बहनजी, कल्ल से मुट्ठी नईं खोल रई. एकई हाथ से रोटी खाई. कहत है, बहनजी को एक धरो है.”

आदल्या दिवशी बेरीज अर्ध्यावर असताना शाळा सुटली होती आणि बाईंचा हातचा पिंकीच्या मुठीतच राहिला होता. बाईंनी गंभीरपणे तीच बेरीज पुन्हा मांडली, एक मिळवून घेतला, आणि पिंकीने मूठ उघडली. आई हसली नाही. महिन्याभराने तपासणी होती. या वेळीही शून्य आलं तर पोरगी घरी राहून धाकट्या भावाला सांभाळेल, एवढं सांगून ती गेली.

तेव्हापासून माझा मंगळवार रोजच यायला लागला. मधल्या सुटीत पिंकी वाचायची, मी ऐकायचो.

तपासणीला आलेल्या साहेबांच्या गळ्यात हार होता, आधीच्या शाळेतला. त्यांनी बाईंना दाराबाहेर उभं केलं, मला कोपऱ्यात बसू दिलं आणि पिंकीच्या हातात एक कार्ड दिलं. एका टोपलीत सत्तावीस पेरू, दुसरीत पंधरा, असं काहीतरी हिंदीत होतं. पिंकी ‘अमरूद’पाशी अडली. मग ती स्वतःशीच पुटपुटली, “डरना बाद में,” आणि पुढे वाचत गेली. तिने दोन लिहिले आणि मूठ आवळली.

“मुट्ठी में क्या है?” साहेबांना चिठ्ठीचा वास आला.

“हातचा.”

“खोलो.”

“अबै नईं, सर. गिर जैहे.”

मी दाराकडे पाहिलं. बाहेर बाईंचीही मूठ आवळलेली होती.

पिंकीने दोन, एक आणि हातचा मिळवून चार लिहिले आणि मगच हात पुढे केला. “देख लो. लग गओ.” साहेबांनी वाकून त्या रिकाम्या तळव्यात नीट पाहिलं. मग कागदावर बरोबरची खूण केली आणि बाहेर येऊन विचारलं, “मैडम, ये कोई नई पद्धति है?”

“नहीं सर, घर की है,” बाई म्हणाल्या.

पिंकी आता पाचवीत आहे. बाई निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेल्या. मध्ये त्यांचा फोन आला. “भाऊ, इथे नातू ‘कॅरी’ म्हणतो. मी हातचा म्हटलं की सुनेच्या तोंडाकडे बघतो.”

शाळेत मुठी अजून आवळल्या जातात. बाईंच्या जागी इथल्याच बुंदेलखंडातल्या गरौठ्याचे एक मास्तर आले आहेत, अभ्यासू आहेत. मी मराठी, म्हणून त्यांनी परवा मला मुद्दाम समजावून सांगितलं की ‘हातचा’ हा जुना बुंदेली शब्द आहे.